चोवीस नामे, एक करणसूत्र

दीपावलीच्या पहाटे अंगण सारवून झाले, की घरची सुवासिनी रांगोळीची वाटी घेऊन बसते. रांगोळीच्या पुस्तकात तिच्यासाठी फार काही लिहिलेले नसते. 'अकरा ते सहा, मधले ठिपके' एवढे पाचच शब्द. ती मधल्या ओळीत अकरा ठिपके देते आणि मग वर व खाली, दोन ठिपक्यांच्या मधली जागा साधीत, दहा, नऊ, आठ, सात, सहा अशी उतरत जाते. ठिपके भरतात बरोबर ९१. त्यांना जोडून कोणी कमळ काढते, कोणी शंख, कोणी दीपमाळ. पाच शब्दांच्या एका रीतीतून बीडच्या एका आळीत दहा अंगणे दहा परींनी फुलतात. चित्राच्या आधी रीत असते आणि रीतीतून चित्र जन्मास येते, हे आपल्या घरातील स्त्रियांना सांगावे लागत नाही.

हे आज सांगण्यास निमित्त आहे. संगणकाला रीत सांगून त्याच्याकडून चित्रे घडविण्याची एक कला सांप्रत जगभर रूढ झाली आहे. तिला 'जनरेटिव्ह आर्ट' म्हणतात आणि त्या रीतीला 'अल्गोरिदम'. या कलेची चित्रे आता आपल्या भ्रमणध्वनीवर, शुभेच्छापत्रांवर, आणि क्वचित देवघराच्या भिंतीवरही येऊन पोहोचली आहेत. लक्ष्मीपूजनाला अशा यंत्राने काढलेले चित्र मांडावे का, असा प्रश्न कीर्तनानंतर आम्हांस एकाहून अधिक माताभगिनींनी विचारला. उत्तर देण्यापूर्वी विषय समजून घेणे आमचे कर्तव्य होते. तो समजून घेता घेता आम्ही पुन्हा आमच्याच पोथ्यांपाशी येऊन ठेपलो.

शब्दाची कुळकथा

अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकात बगदाद येथे होऊन गेलेल्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. भारतीय अंकांनी गणित कसे करावे, यावर त्याने ग्रंथ लिहिला. तो लॅटिन भाषेत गेला आणि ग्रंथकाराच्या नावाचाच पुढे 'पायरीपायरीने करावयाची निश्चित कृती' असा अर्थ झाला. म्हणजे या शब्दाच्या जन्मातच आपल्या अंकांचा हात आहे.

आपल्याकडे या कल्पनेला स्वतंत्र नाव आहे: करणसूत्र. भास्कराचार्य 'लीलावती'त प्रत्येक रीत सांगण्यापूर्वी 'करणसूत्र' हाच शब्द योजतात. करण म्हणजे करणे आणि सूत्र म्हणजे थोडक्या अक्षरांत बांधलेला नियम. वाचून सोडून देण्यासाठी ते नाही. करून पाहावे, यासाठी आहे. अल्गोरिदमला याहून नेमका प्रतिशब्द आम्हांस तरी सुचत नाही.

हरीचे चार हात

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पुरा केला. 'लीलावती' हा त्याचाच पहिला भाग. तिच्या शेवटी 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे आणि त्यात आचार्यांनी एक विलक्षण उदाहरण घातले आहे. शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधे परस्पर बदलली तर त्याची रूपे किती होतील? आणि शंख, चक्र, गदा, पद्म धारण करणाऱ्या हरीची किती? शंभूची रूपे येतात ३६,२८,८०० आणि हरीची २४.

चोवीस! वाचकहो, ही संख्या आपल्या कानांस अपरिचित नाही. संध्येच्या आरंभी आचमन करताना केशव, नारायण, माधव, गोविंद अशी जी नामे आपण घेतो ती चोवीसच आहेत. मूर्तिशास्त्र सांगते, की या चोवीस नामांच्या चोवीस मूर्ती आहेत आणि त्यांतील भेद आयुधांच्या क्रमावरून ओळखावयाचा. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून आरंभ करावा. मग वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा अशी प्रदक्षिणा करावी. उजवा म्हणजे देवाचा उजवा, पाहणाऱ्याच्या डावीकडचा. अग्निपुराणाप्रमाणे पद्म, शंख, चक्र, गदा हा क्रम असेल तर तो केशव. शंख, पद्म, गदा, चक्र असेल तर नारायण. इतर ग्रंथांत काही मूर्तींचे क्रम निराळे आढळतात, पण तत्त्व हेच.

ही विद्या दूरदेशीची नव्हे. आचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने मठ स्थापिला, हे चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून कळते. त्याच सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने देवगिरीस 'संगीतरत्नाकर' रचला. आणि त्याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख आमच्या अंबाजोगाईत आहेत. तेराव्या शतकात गणित, गायन आणि देवालये ही एकाच राजछत्राखाली नांदत होती.

रीत हाताने करून पाहावी

चोवीस रूपे होतात हे सांगणे निराळे आणि एकही न गळता, एकही दुबार न येता ती सारी मांडून दाखविणे निराळे. ती रीत शार्ङ्गदेवाने स्वरांसाठी सांगितली आहे. तिला 'प्रस्तार' म्हणतात. सणाच्या सुटीत मुलांनी ती कागदावर अवश्य करून पाहावी.

सा, रे, ग हे तीन स्वर चढत्या क्रमाने लिहावे. आता डावीकडून पाहत जावे. ज्या स्वराच्या डावीकडे त्याहून खालचा स्वर आहे असा पहिला स्वर धरावा. त्याच्या खाली, नव्या ओळीत, डावीकडे असलेल्या खालच्या स्वरांपैकी सर्वांत जवळचा लिहावा. त्याच्या उजवीकडचे स्वर वरच्या ओळीतून जसेच्या तसे उतरवावे. उरलेले डावीकडे चढत्या क्रमाने भरावे. झाली दुसरी ओळ. तिच्यावरून तिसरी, तिसरीवरून चौथी. ओळी येतात त्या अशा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. येथे रीत आपोआप थांबते, कारण डावीकडे खालचा स्वर असा कोणत्याच स्वराला उरत नाही. सात स्वरांना हीच रीत लावली तर ५,०४० ओळी होतात. गवई ज्याला मेरुखंड म्हणतात त्याचे मूळ हेच.

आता स्वरांच्या जागी केशवाची आयुधे ठेवा: पद्म, शंख, चक्र, गदा. प्रस्तार चालू करा. पहिली ओळ केशवाची. आठवी ओळ येते शंख, पद्म, गदा, चक्र, म्हणजे नारायण. सतरावी येते चक्र, गदा, पद्म, शंख, म्हणजे अग्निपुराणातील गोविंद. आणि चोविसावी, जिथे रीत थांबते, ती गदा, चक्र, शंख, पद्म. हा माधव! केशवापासून निघालेला प्रस्तार माधवापाशी पूर्ण होतो. आमच्या कीर्तनास येणाऱ्या, अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका तरुणाने शार्ङ्गदेवाची हीच रीत संगणकास सांगितली, तेव्हा चोवीस ओळी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पडद्यावर उमटल्या. आम्ही हाताने केलेल्या कागदाशी त्या ताडून पाहिल्या. अक्षरही वेगळे नव्हते.

शार्ङ्गदेव एवढ्यावर थांबत नाही. एखादी ओळ समोर आली तर ती कितवी, हे ओळखण्याची रीत तो देतो. तिला 'उद्दिष्ट' म्हणतात. अमुक क्रमांकाची ओळ कोणती, हे काढण्याची रीतही देतो. तिला 'नष्ट' म्हणतात. या प्रस्तारात कोणतेही रूप बेवारस नाही. प्रत्येकाला स्थान आहे आणि हरीच्या बाबतीत प्रत्येकाला नामही आहे.

यंत्राची चित्रे

पश्चिमेकडे संगणकाच्या चित्रांची पहिली प्रदर्शने १९६५ साली भरली. जर्मनीत स्टुटगार्ट येथे गेओर्ग नेस यांची, तर न्यूयॉर्क येथे मायकेल नोल यांची. संगणकाला रीत द्यावयाची, तीत थोडासा यदृच्छेचा फासा मिसळावयाचा आणि यंत्राच्या लेखणीने रेषा काढून घ्यावयाच्या, असा तो प्रकार. पॅरिसमधील व्हेरा मोल्नार (१९२४–२०२३) या चित्रकर्तीची हकीकत आम्हांस विशेष भावली. संगणक हाती येण्यापूर्वीच तिने आपल्यापुरते एक 'काल्पनिक यंत्र' मानले होते. स्वतःला नियम घालून घ्यावयाचा आणि तो हाताने पायरीपायरीने पाळावयाचा. १९६८ साली खरा संगणक मिळाला, तेव्हा तिने चौकोनांच्या ओळी काढून त्यांत किंचित विस्कळीतपणा येऊ दिला. आपल्या अंगणात रेषा ओढताना बोटे किंचित थरथरतात आणि त्यामुळेच रांगोळी जिवंत दिसते. तोच हा प्रकार.

आणि खुद्द रांगोळी? मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृथिवासन यांनी १९७४ साली तामिळ घरांपुढील 'कोलम' या ठिपक्यांच्या रांगोळीचे व्याकरण संगणकशास्त्राच्या भाषेत मांडले. उंबरठ्यावरच्या कलेला शास्त्रज्ञांनी व्याकरण म्हणावे, यात नवल नाही. व्याकरण तिच्यात होतेच.

नवे यंत्र आणि जुना नियम

परंतु २०२२ पासून जी चित्रे घरोघर पोहोचू लागली, त्यांची जात निराळी आहे. या यंत्रांना कोणी चित्राचा नियम सांगत नाही. त्यांना कोट्यवधी चित्रे आणि त्यांची वर्णने दाखवितात. चित्रावर टप्प्याटप्प्याने ठिपक्यांची धूळ उडवितात आणि ती झाडून मूळ चित्र कसे परत मिळवावे, हे यंत्र शिकते. मग आपण 'विष्णू' असे लिहिले, की ते नुसत्या धुळीपासून आरंभ करते आणि झाडता झाडता, पूर्वी पाहिलेल्या चित्रांसारखे एक चित्र प्रकट करते.

'सारखे' हा शब्द ध्यानात ठेवावा. यंत्राला साम्य कळते, गणती कळतेच असे नाही. म्हणून कधी हाताला सहा बोटे येतात, कधी दोन हातांत दोन शंख येतात आणि गदा नाहीशी होते. चारही आयुधे एकेका हातात असतील, तर ते रूप चोविसांपैकी एक आहेच. आपण त्याला केशव म्हणत असू आणि तो गोविंद असेल, एवढाच भेद. पण दोन शंख आणि गदा नाही, हे रूप प्रस्तारात बसतच नाही. मुखावर तेज आहे, मुकुट सुरेख आहे, पण आचमनाच्या एकाही नामाने त्याला हाक मारता येत नाही.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. यंत्राला दाखविलेली चित्रे कोणा ना कोणा चित्रकाराच्या हातची होती. आपल्याला न विचारता ती घेतली, अशी तक्रार घेऊन अमेरिकेतील काही चित्रकार २०२३ साली न्यायालयात गेले. आपल्या तालुक्याच्या गावातही देवादिकांचे फलक रंगवून पोट भरणारे कारागीर आहेत. सणाच्या दिवशी त्यांच्या दाराशी जाणे हाही धर्मच होय.

मग मांडावे का असे चित्र? आमचे मत स्पष्ट सांगतो. यंत्राने काढले म्हणून चित्र अपवित्र होत नाही. छापखान्याचे यंत्र आपल्या देवघरात कधीच येऊन गेले आहे. पण पूजेला बसण्यापूर्वी त्या चित्राचे हात मोजावे, आयुधे पाहावी, प्रदक्षिणेने क्रम लावावा आणि नाम ठरवावे. नाम देता येत नसेल, तर ते चित्र देवघरात नको. रूपे काढणे यंत्राला जमेल. ओळखणे आणि नाम घेणे हे आपले काम आहे आणि ते कोणावर सोपविता येत नाही.

दासोपंतांची पासोडी

अंबाजोगाईस दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा जाड्याभरड्या वस्त्रावर त्या दत्तभक्ताने पंचीकरण मांडले. पंचीकरणाची रीत तरी किती थोडकी! प्रत्येक महाभूताचे दोन भाग करावे. अर्धा आपल्यापाशी ठेवावा, उरलेल्या अर्ध्याचे चार भाग करून एकेक अष्टमांश इतर चौघांना द्यावा. पाच भूतांना हा एकच नियम लावला, की पाच पंचे पंचवीस घरांचा संसार उभा राहतो. संगणक तो क्षणात करील. दासोपंतांसारख्या प्रज्ञावंतासही तो मनातल्या मनात क्षणाचाच होता. तरी त्यांनी हातभर नव्हे, चाळीस फूट वस्त्र लिहून काढले. कारण उत्तर हाती येणे हा त्यांचा हेतू नव्हता. नियमाच्या वाटेने एकेक पाऊल चालताना चित्त त्यात मुरते, त्यालाच चिंतन म्हणतात.

म्हणून या दीपावलीस एक विनंती. चिकटवण्याची तयार रांगोळी दाराशी असली तरी एका कोपऱ्यात मुलीबाळींच्या हातून ९१ ठिपके पडू द्यावे. मुलांनी चार रंगांचे दाणे घेऊन हरीचा प्रस्तार मांडावा आणि केशवापासून माधवापर्यंत पोहोचावे. संगणक शिकणाऱ्यांनी तीच रीत संगणकालाही शिकवावी; भास्कराचार्य आणि शार्ङ्गदेव यांना त्यात आनंदच वाटेल. पुढे कार्तिक मास लागेल. त्याचा स्वामी दामोदर, तोही चोविसांतलाच एक. त्याच्या कृपेने सर्वांच्या घरी दीप उजळोत आणि डोळ्यांपुढे येणाऱ्या प्रत्येक रूपाला ओठांवर नाम मिळो.