एक रुपया जास्त, धान्य बंद

म्हैसूरच्या महाराजा कॉलेज मैदानावर ३० ऑगस्ट २०२३ रोजी कर्नाटकची ‘गृहलक्ष्मी’ सुरू झाली: कुटुंबप्रमुख स्त्रीला महिना २,००० रुपये. अट सुटसुटीत. ती किंवा तिचा नवरा आयकर वा जीएसटी भरणारा नसावा. बीपीएल कार्डाचं तसं नाही. तिथं वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १.२ लाख, म्हणजे महिन्याला १०,०००. मुलगा कामाला लागला, घरात थोडे पैसे जास्त आले, की नियमानुसार या कार्डावर मिळणारं ‘अन्नभाग्य’ योजनेचं सगळंच धान्य बंद! असा कडा समोर दिसला की माणूस कमाई लपवतो, नाहीतर वाढीव काम टाळतो. याला आळस म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडून पाहावा.

ब्रिटनने कड्याचा उतार केला. तिथल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मध्ये (सुरुवात २०१३) पगाराच्या दर पौंडामागे मदत ५५ पेन्सनी घटते. पण त्यासाठी दरमहा कमाईची नोंद हवी. म्हैसूरच्या देवराज मार्केटातल्या फूलवालीची नोंद कोण ठेवणार? कर्नाटकने २०२४ मध्ये अपात्र कार्डं छाटायला घेतली. ओरड झाली आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

सरकारी मदतीच्या घरांचा प्रश्न धान्याहून जुना. म्हैसूरचं नगर सुधारणा मंडळ १९०३ चं, मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनंतर पाचच वर्षांनी आलेलं. धान्य कमी-जास्त करता येतं. मिळकत वाढली म्हणून अर्धं घर परत घेता येत नाही. शिवाय स्वस्त जमीन शहराबाहेर. तिथं पक्कं घर मिळालं, तरी धुणीभांडी करणाऱ्या बाईची कामं शहरातच राहतात आणि बसभाडं तिच्या माथी येतं.