चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा

श्रेयस तळपदे हिंदी प्रेक्षकांना माहीत झाला तो २००५ च्या ‘इक्बाल’मुळे. त्यात तो मूकबधिर वेगवान गोलंदाज होता; अख्ख्या सिनेमात तोंडाने एक शब्द बोलायचा नव्हता. सोळा वर्षांनी, २०२१ च्या डिसेंबरात ‘पुष्पा’ हिंदीत आला तेव्हा नेमकं उलटं झालं. पडद्यावर अल्लू अर्जुन आणि आवाज तळपदेचा.

मराठी नटाला नाटक, मालिका, सिनेमा आणि डबिंग अशी सगळी दारं ठोठावावी लागतात. काम तेच, पण ऐकणारा किती लांब आहे त्यावर सगळं बदलतं. नाट्यगृहात माइक असले तरी शेवटच्या रांगेला वाक्याचं शेपूट ऐकू यावं लागतं. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं आणि दम संपला की तेच गिळलं जातं, म्हणून तालमीत तिथेच टोकलं जातं. सेटवर माइक शर्टाच्या आत चिकटवलेला असतो. तिथे नाटकातली हीच आवाजाची फेक ओरडल्यासारखी वाटते.

डबिंगमध्ये माइक वीतभर अंतरावर. समोर पडद्यावर दृश्य, कानात हेडफोनमधून मूळ भाषेतला संवाद. सिनेमा सलग बोलला जात नाही. एखाद-दोन वाक्यांचा तुकडा पाहायचा, ऐकायचा, मग बोलायचा; जमला नाही तर पुन्हा. एका वेळी बहुधा एकच नट आत असतो. समोरच्या पात्राचं उत्तर पुष्कळदा मूळ भाषेतच ऐकू येतं आणि त्यावर चिडायचं किंवा हळवं व्हायचं असतं.

निम्मी लढाई आधी कागदावर लढली जाते. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठांची हालचाल लपत नाही. मूळ नटाचे ओठ जिथे मिटतात तिथे हिंदी वाक्यातही असं अक्षर आणायची खटपट लेखक करतो. क्लोजअपमध्ये ही चूक लगेच दिसते. पात्र पाठमोरं असेल तर सगळं माफ. तरीही वाक्य लांबलंच, तर नट आणि डबिंग दिग्दर्शक मिळून तिथल्या तिथे शब्द बदलतात. शब्दांइतकीच मेहनत श्वासांवर असते. धावताना लागलेली धाप, मार खाल्ल्यावरचा हुंकार, घोट गिळणं हे सगळं नव्याने द्यावं लागतं.

डबिंग म्हणजे नक्कल, हा समज मला पटत नाही. ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला शरद केळकरचा आवाज होता. बहुतेक हिंदी प्रेक्षकांनी प्रभासचा स्वतःचा आवाज ऐकलेलाच नव्हता. नक्कल केली असती तरी ती ओळखणार कोण? केळकरने त्या देहाला शोभेल असा भारदस्तपणा दिला. २०१९ च्या हिंदी ‘द लायन किंग’मध्ये टिमॉनला तळपदेचा आवाज होता, त्या चुरचुरीत प्राण्यापासून पुष्पाच्या जड, बेफिकीर बोलण्यापर्यंतचं अंतर नुसता गळा बदलून कापता येत नाही.

पैशाचा हिशेबही निरनिराळा. नाटकात प्रत्येक प्रयोगाची ‘नाइट’ मिळते, मालिकेत बहुधा दिवसावर, डबिंगमध्ये भूमिकेवर किंवा तासांवर ठरतं. तारखा जुळवताना घसा मात्र एकच असतो. म्हणून आरोळ्या, किंकाळ्या, मारामारीचे हुंकार शक्यतो सत्राच्या शेवटी घेतात, आणि संध्याकाळी प्रयोग असलेला शहाणा नट त्या दिवशी असली दृश्यं ठेवूच देत नाही.