विजेची मोटार आणि आमचा हिशेब

आमची पेट्रोलची मोटार यंदा बारा वर्षांची झाली. तिचे कण्हणे-कुंथणे वाढले, तेव्हा एका रविवारी चहा घेता घेता मी जाहीर केले, की आता घ्यायची ती विजेचीच मोटार! मराठीच्या प्राध्यापकाने यंत्राविषयी काही जाहीर केले, तर ते मनावर घेण्याची आमच्या घरी पद्धत नाही. सौ. बँकेत आहे. ती एवढेच म्हणाली, "अहो, आधी कागद-पेन्सिल घ्या."

विजेची मोटार ही काही आजकालची नवलाई नव्हे. ताशी 100 किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो 1899 साली, विजेवर चालणाऱ्या मोटारीने! मोटारींचा सम्राट हेन्री फोर्ड, पण त्याची पत्नी क्लारा हिंडे ती विजेच्या गाडीतून. पेट्रोलच्या गाडीला समोर उभे राहून हँडल मारावे लागे, ही कटकट 1912 च्या सुमारास सेल्फ-स्टार्टरने संपवली आणि विजेची मोटार मागे पडली. आपल्याकडे 2001 साली बंगळूरची इवलीशी 'रेवा' आली. पुढे 2010 मध्ये तो कारखाना महिंद्रांनी घेतला, आणि आमच्या नाशकात तयार होणाऱ्या 'व्हेरिटो'चा विजेवरचा अवतारही 2016 साली निघाला. पण तुमच्या-माझ्यासारख्याने दुकानाच्या काचेतून आत डोकवावे, असे काही 2022 पर्यंत नव्हते. त्या वर्षी टाटांची विजेवरची 'टियागो' साडेआठ लाखांच्या आत जाहीर झाली आणि आमच्यासारख्यांची झोप उडाली.

आता सौ.चा कागद. आमची गाडी कॉलेज, मंडई आणि महिन्याकाठी गावाकडची एक फेरी मिळून 700 किलोमीटर धावते. शहरात लिटरला 15 किलोमीटर धरा, पेट्रोल 104 रुपये धरा, महिन्याला 4,850 रुपये झाले. विजेची लहान गाडी एका युनिटात सातएक किलोमीटर जाते. चार्ज करताना जी तूट येते ती धरून 115 युनिटे. दहा रुपयांनी 1,150. म्हणजे महिना 3,700 आणि वर्षाला सुमारे 44 हजार रुपये वाचले!

मी विजयी मुद्रेने पाहिले. सौ.ने पान उलटले. त्याच जातीच्या पेट्रोलच्या मोटारीहून ही सुमारे तीन लाखांनी महाग. शिवाय विजेच्या मोटारीवर 2019 पासून 5 टक्केच कर असला, तरी 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल मोटारींचा करही 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. म्हणजे त्याही स्वस्त झाल्या. तीन लाखांना 44 हजारांनी भागा. जवळजवळ सात वर्षे! बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची किंवा 1,60,000 किलोमीटरची असते. आमचे आठ वर्षांत जेमतेम 67 हजार होणार. म्हणजे हमी संपणार ती कॅलेंडराने, चाकांनी नव्हे. आणि हे तीन लाख आज द्यायचे, ते चिरंजीवांची इंजिनियरिंगची फी भरायच्या वर्षी!

विजेच्या मोटारीचे हे गणित मोठे गमतीचे आहे. जो कमी हिंडतो, त्याला ती महाग. जो रोज रखडतो, त्याला ती स्वस्त. आमच्यासारख्या घरकोंबड्यांनी तिच्या नावाने उसासे टाकण्यात अर्थ नाही.

राहिली घाटाची भीती. नाशिक-मुंबई म्हणजे 170 किलोमीटर. कागदावर 315 म्हणणारी गाडी प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास जाते, असे चालवणारे सांगतात. मग परतीच्या वाटेवर कसाऱ्याचा घाट चढताना तिने मान टाकली तर? आमच्या भौतिकशास्त्राच्या मित्रांनी टिपणखोलीत खडूने आकडे मांडले. चार माणसांसह चौदाशे किलोची गाडी समुद्रसपाटीपासून नाशकाच्या सहाशे मीटर उंचीवर आणायला लागतात सव्वादोन युनिटे. तूट धरून पावणेतीन. चोवीस युनिटांच्या बॅटरीला हे जड नाही. उलट उतरताना मोटरच जनित्र बनते आणि थोडीफार वीज परत देते. पण मुंबईत गाडी भरून घेतल्याशिवाय परतीची वाट धरणे शहाणपणाचे नाही, हे त्यांनी खडू ठेवता ठेवता सांगितलेच. ही वीज तरी शुद्ध कुठे, असे कुणी विचारील. आमचे एकलहऱ्याचे केंद्र कोळशावरच चालते. खरे आहे, पण धूर निदान शाळेच्या फाटकापाशी निघत नाही.

खरा घाट आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली होता! फ्लॅटवाल्याने गाडी चार्ज करायची कोठे? आपल्याच मीटरवर घरची गाडी चार्ज करायला कोणताही परवाना लागत नाही. पंधरा अँपियरचा प्लग असला की रात्री लावलेली गाडी सकाळी तयार. मी वार्षिक सभेत हा विषय काढला आणि एकच गिल्ला झाला. कुणी म्हणाले आग लागेल, कुणी म्हणाले सामाईक बिल फुगेल. अखेर वीजमंडळातून निवृत्त झालेले काका उठले. "विजेला काय भिता? हलक्या वायरीला भ्या. ज्याची गाडी, त्याच्या मीटरपासून जाड तार, अर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबी. खर्च ज्याचा त्याने करायचा." दोन तास वाद चालला. ठराव माझ्या नावाने मंजूर झाला.

आणि मी? मी जुन्या गाडीचा क्लच बदलून घेतला.

ठरावाचा लाभ घेतला तो दुसऱ्या मजल्यावरच्या तरुण शेजाऱ्याने. त्याची नोकरी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत. जाऊन-येऊन रोजचे साठाच्या वर किलोमीटर, महिन्याचे सोळाशे. सौ.ने त्याचाही कागद करून दिला: वर्षाला लाखभर रुपयांची बचत, तीन वर्षांत जादा पैसे वसूल. दसऱ्याला त्याने गाडी आणली, झेंडूचे तोरण बांधले आणि पहिला पेढा मला दिला. "सर, तुमच्यामुळे झाले!"

रात्री मी गाडी लावायला जातो, तेव्हा शेजारी त्याच्या मोटारीवरचा छोटा दिवा लुकलुकत असतो. त्याची तार कुणाच्या पायात येऊ नये, म्हणून ती भिंतीकडे सरकवून ठेवण्याचे काम मात्र, का कोण जाणे, माझ्याकडे आले आहे.