सेल्युलॉइडची मूठ (घडीचा चाकू)

सेल्युलॉइडची मूठ म्हणजे घडीच्या चाकूच्या दोन्ही बाजूंना सेल्युलॉइड या आरंभीच्या प्लास्टिकचे तुकडे बसवून तयार केलेली मूठ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा मुठी प्रचलित होत्या. हस्तिदंत, कासवाचे कवच, मोतीशिंपला इत्यादींची हुबेहूब नक्कल त्यांत आढळते. सेल्युलॉइड कालांतराने विघटित होते व शेजारच्या वस्तूंचीही हानी करते; म्हणून जुन्या चाकूंच्या संग्रहात ते ओळखणे महत्त्वाचे ठरते.

इतिहास व घटकद्रव्ये

इंग्लंडमधील अलेक्झांडर पार्क्स यांनी १८६२ च्या लंडन येथील प्रदर्शनात 'पार्केसीन' हा पदार्थ मांडला. पुढे अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट यांनी बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधताना सेल्युलॉइड विकसित केले. त्याचे एकस्व १८७० मध्ये मिळाले. नायट्रोसेल्युलोज व कापूर हे त्याचे मुख्य घटक होत. रेमिंग्टन, केस इत्यादी अमेरिकन कंपन्यांनी रंगीबेरंगी सेल्युलॉइडच्या मुठींचे चाकू बनवले. आरंभीच्या चित्रपटांच्या फितीही याच जातीच्या द्रव्याच्या असत.

ओळखण्याच्या खुणा

• वास : मूठ बोटाने जोरात घासून किंचित उबदार केल्यास कापराचा वास येतो. जुन्या मुठीतील कापूर बराचसा उडून गेलेला असू शकतो. त्यामुळे वास न येणे हा निर्णायक पुरावा नव्हे. बेकेलाइटला कार्बॉलिक आम्लासारखा, तर विघटित होणाऱ्या सेल्युलोज ॲसिटेटला व्हिनेगरसारखा वास येतो.
• रेषा : नकली हस्तिदंतावरील रेषा सरळ, समांतर व एकसारख्या असतात. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्ररेषांची जाळी दिसते.
• पृष्ठभाग : हाडाच्या मुठीवर भिंगातून सूक्ष्म छिद्रे व काळपट ठिपके दिसतात, सेल्युलॉइडवर ते नसतात.
• स्पर्श : मोतीशिंपला हाताला थंड लागतो, सेल्युलॉइड तितके थंड लागत नाही.
• रंग : खऱ्या कासवाच्या कवचातील डाग भिंगाखाली रंगकणांच्या बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसतात, नकलेत रंगाचे सलग पट्टे वा ओघळ असतात.

विघटनाची लक्षणे

विघटनाच्या वेळी नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात व हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते. मूठ आकसते, पिवळी पडते, खिळ्यांभोवती तडकते आणि शेवटी तिचा भुगा होतो. आतील पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढतो. मुठीत मिटून राहणाऱ्या पात्याच्या भागावर दाट गंज दिसणे, ही या विघटनाची ठळक खूण मानली जाते.

धोके व जतन

तापवलेली सुई टोचून परीक्षा करण्याची पद्धत सेल्युलॉइडच्या बाबतीत घातक आहे, कारण ते क्षणात पेट घेते. २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना आग लागून अनेक जुने भारतीय चित्रपट नष्ट झाले. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू इतरांपासून वेगळे, थंड, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावेत. हवाबंद पेटीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बाहेर पडणारे वायू कोंडून विघटन अधिक वेगाने होते. एकदा सुरू झालेले विघटन मागे फिरवता येत नाही. वेळीच ओळख पटल्यास उर्वरित संग्रह मात्र वाचवता येतो.