ताप उतरला म्हणजे हिवताप गेला, असं नाही



गेल्या वर्षी १ जूनला समुद्रातली मासेमारी बंद झाली आणि आपल्या एका सभासदाचा मुलगा ट्रॉलरवरचं काम संपवून गोव्याहून घरी आला. आठवड्यातच थंडी वाजून ताप भरला. रक्त तपासलं, तर हिवताप निघाला. चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्यानं गोळ्या सोडून दिल्या. दिवाळीच्या सुमारास त्यानं पुन्हा अंथरूण धरलं. ऐन हंगामातली मजुरी बुडाली. तोवर त्याच गल्लीत आणखी दोघांना लागण झाली होती.

असं का होतं? व्हायवॅक्स जातीच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात. रक्तातले जंतू मेले की ताप जातो, पण यकृतातले तसेच राहतात. त्यांच्यासाठीच चौदा दिवसांच्या गोळ्या असतात. (गरोदर बायका आणि तान्ह्या मुलांना या गोळ्या देत नाहीत, म्हणून एकाच्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका.)

त्या जूनमध्ये प्रचाराची गाडी आपल्या वस्तीत आली होती. पण भर दुपारी. रात्री जाळी टाकून आलेले पुरुष झोपलेले, बायका बाजारात मासे विकायला. कर्णा वाजला, पत्रकं वाटली, गाडी गेली. यात चूक आमची. आपली माणसं कधी जागी आणि घरात असतात, हे संस्थेनं आधी कळवायला हवं होतं.

आपल्या भागाला फिरती मोहीम नवी नाही. धारवाड मुंबई इलाख्यात होतं तेव्हा, १९४० च्या दशकात, डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली फवारणीची पथकं धारवाड आणि कारवारकडच्या गावोगाव फिरली. घरांच्या भिंतींवर आतून डीडीटी मारला. तो अनुभव पुढे १९५३ च्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाला कामी आला. पण पथक भिंत फवारून जातं, पुढचं घरच्यांनाच करावं लागतं.

हुबळी-धारवाडात नळाला रोज पाणी नाही, म्हणून आपण टाकी, पिंप, हौद भरून ठेवतो. शहरात हिवताप पसरवणारा ॲनोफेलीस डास गटारात नाही, अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यातून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासा, कोरडी करा. टाकीला घट्ट झाकण लावा. होडीच्या तळाचं आणि ताडपत्रीच्या घडीतलं पाणीही काढा. हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे नेमका आपल्या कामाच्या वेळी. रात्री जाळ्यावर जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, अंगाला मलम लावा.

आता दोन गोष्टी खास आपल्या धंद्याच्या.

पहिली, औषध लावलेली मच्छरदाणी मासे धरायला वापरू नका. तिच्या बारीक जाळीत मत्स्यबीज मरतं आणि औषध पाण्यात उतरतं. म्हणजे घरातलं माणूस उघडं आणि पुढच्या वर्षीचा मासाही गेला.

दुसरी, गप्पी आणि गंबुशिया मासे डासांच्या अळ्या खातात, हे खरं. कर्नाटकात कोलारकडच्या विहिरींत गप्पी सोडून हिवताप कमी केल्याचा अनुभव आहे. पण ते बंद विहिरीत, हौदातच सोडायचे. तळ्यात, नदीत नाही. गंबुशिया आपल्या माशांची पिल्लंही खातो.

कार्यकारी मंडळानं ठरवलंय ते असं. यंदा गाडी येण्याआधी आम्ही वेळ कळवू: पहाटे मासळी बाजारात आणि संध्याकाळी पाचला, जाळी निघण्याआधी, वस्तीत. कन्नडसोबत मराठीत सांगायला आपला एक माणूस गाडीबरोबर फिरेल. गोवा-मलपेहून परतणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्याच्या घरच्यांनी संस्थेत कळवावं. ताप असला तर त्याच दिवशी रक्ततपासणी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत.

गोळ्या घेणाऱ्याच्या घरी चौदाव्या दिवसापर्यंत आम्ही विचारायला येऊ. राग मानू नका.

– सचिव, आपली मच्छीमार सहकारी संस्था