पाचट का कुजत नाही?

ऊस तुटून गेला की फडाला काडी लावायची, ही आपली जुनी खोड. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ते कुजतच नाही हो." हेक्टरी ८ ते १० टन पाचट असं धुरात जातं.

पाचट कुजवते बुरशी. ट्रायकोडर्मासारखी बुरशी अंगातून विकरे, म्हणजे एन्झाइम, सोडते. ती पाचटातले सेल्युलोज तोडून त्याची साखर करतात, अन् तीच बुरशीचं अन्न. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन लष्कराचं सुती कापड असंच कुजलं. त्यावरून वेगळ्या केलेल्या बुरशीचे वाण पुढे विकरांच्या कारखान्यांत टाक्यांमधून वाढू लागले. तिथे उष्णता २८ ते ३० अंश, आंबटपणा, हवा, नत्र, सगळं मोजून. गंमत अशी की, आयती साखर मिळाली तर ही बुरशी विकर करायचंच सोडते!

आपली टाकी म्हणजे सरी. विकर हे प्रथिन. त्याला नत्र हवे, आणि पाचटात नेमकं तेच कमी. म्हणून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे संवर्धक. संवर्धक रासायनिक खतात कालवू नका, ओलसर शेणखतातून वेगळे टाका. मग पाणी द्या. कोरड्यात बुरशी निजून राहते.

मावळात उलटी अडचणही आहे. लोणावळ्याकडे सरकावं तसा पाऊस वाढतो. सरी तुंबली की हवा संपते, काम थांबते. तेव्हा हे सारे खोडव्याच्या पहिल्या पाण्यालाच करा, आणि पावसाआधी चर मोकळे करून ठेवा.