विंचवाची कळ आणि बिरवाडीचे डॉक्टर

तुळजापूर असो, भूम असो की परंडा, आपल्या धाराशिव जिल्ह्यात विंचू माहीत नाही असं घर सापडायचं नाही. बालाघाटचे दगडाळ माळ, शेताचे बांध, कडब्याची गंज, गोवऱ्यांचा ढीग या त्याच्या आवडत्या जागा. दगड उचलताना बोटाला नांगी लागली, की अशी कळ मस्तकात जाते की मोठी माणसंसुद्धा ओरडतात.

आता एक कोडं सोडवा. विंचू चावलेली दोन मुलं दवाखान्यात आणलीत. पहिला मुलगा वेदनेनं किंचाळतोय, पण त्याचे हातपाय ऊबदार आहेत. दुसरा फारसा ओरडत नाही. पण त्याला उलट्या होताहेत, दरदरून घाम फुटलाय आणि हातपाय गारठलेत. डॉक्टर आधी कुणाकडे धावतील?

दुसऱ्याकडे! नुसती कळ असेल तर धोका सहसा कमी. घाम, उलट्या आणि गार हातपाय दिसले, तर मात्र विष हृदयाला त्रास देऊ लागलंय असं समजायचं.

ही लक्षणं बारकाईनं नोंदवणारे डॉक्टर आपल्या मराठवाड्यातलेच. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर. घरची गरिबी, त्यातून शिकून ते डॉक्टर झाले आणि रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचवाच्या दंशानं माणसं दगावत होती, त्यात लहान मुलंही होती. उपाय कुणाकडेच नव्हता. मोठी प्रयोगशाळा नाही, महागडी यंत्रं नाहीत. बावस्कर रुग्णाच्या खाटेशीच बसून राहत. नाडी, रक्तदाब, श्वास, सगळं लिहून ठेवत. मला तर वाटतं, असं बसून राहणं हेच त्यांचं सगळ्यात मोठं यंत्र होतं! या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

त्यांच्या लक्षात आलं, की विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी साठतं. मग रक्तवाहिन्या सैल करणारं औषध दिलं तर? रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची गोळी त्यांनी दिली आणि मरणाच्या दारातली माणसं परत आली. हे काम १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या संशोधनात त्यांच्या सोबत होत्या. पुढे प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिविषलसही दिली, तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो, हे ७० रुग्णांवरच्या अभ्यासातून २०११ मध्ये त्यांनी दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मुळात एवढीशी नांगी लागल्यावर एवढी कळ का येते? आपल्या मज्जातंतूंवर अतिसूक्ष्म दारं असतात. ती उघडली की सोडियमचे कण आत घुसतात आणि विजेचा एक संदेश मेंदूकडे निघतो. साधारण एका सेकंदाच्या हजाराव्या भागात दार पुन्हा बंद होतं. विंचवाचं विष हे दार नीट मिटूच देत नाही! संदेशांमागून संदेश सुटत राहतात. डंखाच्या जागी बोटानं हलकेच टकटक केली, तरी रुग्ण झटकन हात मागे ओढतो. विंचू दिसलाच नसेल, तेव्हा डॉक्टर याच खुणेवरून दंश ओळखू शकतात.

आणि आता ऐका अमेरिकेतल्या वाळवंटातल्या एका उंदराची गोष्ट. तो चक्क विंचूच खातो! नांगीचे डंख बसले तरी क्षणभर अंग चाटतो आणि पुन्हा जेवायला लागतो. ॲशली रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचं रहस्य सांगितलं. वेदनेच्या तंतूंवर ‘एनएव्ही १.८’ नावाचं एक दार असतं. विंचवाचं विष या उंदराच्या त्या दाराला चिकटून ते बंदच करतं. म्हणजे विषच त्याचं वेदनाशामक!

माणसात सोडियमची अशी नऊ प्रकारची दारं आहेत. दात काढण्यापूर्वी हिरडीत देतात ते लिग्नोकेनचं इंजेक्शन त्यांतली बरीचशी बंद करतं. हिरडीपुरतं ते ठीक. पण अंगभर तसं केलं तर हृदय आणि मेंदूचं कामही बिघडेल, कारण त्यांनाही अशीच दारं लागतात. म्हणून शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं फक्त वेदनेचं दार बंद करणारं औषध शोधत होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन नावाच्या गोळीला मान्यता मिळाली. उंदराच्या गोष्टीतलं जे १.८ क्रमांकाचं दार, नेमकं तेच ती अडवते. हृदयाची आणि मेंदूची दारं आपलं काम करत राहतात.